कोरोनानंतर बाळाच्या नेहमीच्या लशींविषयी आपल्या मनात नेमके काय बदलले?

अंबाझरीकर
माझ्या धाकट्या भावाचा मुलगा येत्या आठवड्यात चौदा महिन्यांचा होईल. नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यायची गोवर-रुबेलाची लस त्याला अजून दिलेली नाही. जन्माच्या वेळची बीसीजी (क्षयरोगाची), पोलिओ आणि काविळीची लस, त्यानंतर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस, हे सारे वेळेवर झाले. खंड पडला तो नेमका त्यापुढे. भाऊ नागपुरात मनीषनगरला राहतो, तो आणि वहिनी दोघेही शिकलेले आहेत आणि आरोग्य केंद्र घरापासून दहा मिनिटांवर आहे. म्हणजे अंतर, पैसा किंवा माहिती यांपैकी कशाचीही अडचण नाही.

मागच्या रविवारी महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी सगळे जेवायला जमलो असताना मी विषय काढला. भाऊ म्हणाला, "ताई, कोरोनाच्या वेळी आपण कोणाला काही न विचारता डोस घेतले. आता जे कानावर येते ते ऐकून बाळाला काहीही टोचण्याआधी मला विचार करायचा आहे." त्यावर आई म्हणाली, "तुम्हा दोघांच्या वेळी आम्ही कुठे विचार करत बसलो होतो? नर्सबाई दारात आल्या की पोराला मांडीवर घेऊन बसायचो." आईचे म्हणणे मला पटते, पण भावाला मूर्ख ठरवणेही मला पटत नाही. म्हणून विचारते, की आपापल्या घरांत, दवाखान्यांत, शाळांत आपल्याला असाच बदल दिसला का? आणि दिसला असेल तर तो कोरोनामुळेच झाला, असे म्हणता येईल का?

रानमेवा
आमच्या घरात हाच वाद गेले दोन महिने चालू आहे. मी वाचते आहे.

निवृत्त_परिचारिका
ताई, मी शहराच्या पूर्व भागात तीस वर्षांहून अधिक काळ लसीकरणाचे काम केले, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

आपल्या भावासारखे पालक वाढले आहेत, हे खरे आहे. परंतु महामारीत ज्या बाळांचे डोस चुकले त्यांपैकी बहुतेकांच्या घरी नकार नव्हताच, हे मी शपथेवर सांगू शकते. एप्रिल २०२० मध्ये सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा हे भाग पत्रे लावून बंद झाले तेव्हा वस्तीतली आमची सत्रे थांबली. आम्हां सगळ्यांना घरोघरच्या सर्वेक्षणाला लावले गेले. रुग्णालयात जन्मलेल्या बाळांना जन्माचे डोस मिळत राहिले, पण दीड महिन्याच्या डोसाला आईने बाळाला घेऊन यायचे कसे? सत्रे पुन्हा सुरू झाली तेव्हा एक आई आपल्या पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन आली आणि पहिल्याच वाक्यात म्हणाली, "बाई, उशीर झाला म्हणून रागावू नका." तिला दोन महिने कोणी फाटकाबाहेर पडू दिले नव्हते आणि तरीही अपराधीपण तिच्याच तोंडावर होते. या बाईला आपण 'लस टाळणारी' म्हणणार का?

दुसरी गोष्ट लोकांना ठाऊक नसते. गोवर-रुबेलाची लस भुकटीच्या रूपात येते. कुपी उघडून त्यात सोबतचे द्रावण मिसळले की कुपीवर वेळ लिहायची आणि चार तासांनी उरलेली लस टाकून द्यायची. एका कुपीत अनेक डोस असतात आणि सत्राला एकच बाळ आलेले असते, असे कितीदा तरी झाले आहे. एका बाळासाठीही कुपी उघडायची असा नियम आहे आणि तो योग्यच आहे, परंतु काही ठिकाणी आईला "पुढच्या वेळी या, चार मुले जमू द्या" असे सांगितले जाते. ती पुढची वेळ २०२० मध्ये आलीच नाही. असे एकदा रिकाम्या हाताने परतलेले कुटुंब पुन्हा येत नाही आणि मग शेजारी जे सांगेल त्यावर विश्वास ठेवते. मी पाहिलेल्या घरांत खंड आधी पडला आणि शंका त्या मोकळ्या जागेत नंतर येऊन बसली.

शून्यमैल
बाईंच्या अनुभवाचा पूर्ण आदर राखून मी असहमती नोंदवतो. आमच्या घरात खंड पडलेला नव्हता. शंका आली ती वागणुकीमुळे.

२०२१ मध्ये वडिलांना दुसरा डोस दिल्यावर चार दिवसांनी त्यांच्या पोटरीला सूज आली. आम्ही ज्या केंद्रावर लस घेतली होती तेथे गेलो. टेबलामागच्या व्यक्तीने पायाकडे पाहिलेसुद्धा नाही. "लशीचा काही संबंध नाही" एवढे म्हणून पुढच्या माणसाला हाक मारली. कोणतीही नोंद झाली नाही. पुढे खासगी तपासणीत सुजेचे कारण खरोखरच वेगळे निघाले, म्हणजे त्या व्यक्तीचे वाक्य बरोबर होते. परंतु न पाहता दिलेले बरोबर उत्तर आमच्या घरात आजही उत्तर म्हणून धरले जात नाही.

त्याच काळात कोविशिल्डच्या दोन डोसांमधले अंतर चार ते सहा आठवड्यांवरून सहा ते आठ आणि मे २०२१ मध्ये बारा ते सोळा आठवडे झाले. त्यामागे शास्त्रीय आधार असेलही, पण लशीचा तुटवडा असतानाच हा बदल झाला आणि त्याचे कारण सामान्य माणसाला कोणी शांतपणे समजावून सांगितले नाही. पुढे प्रमाणपत्राशिवाय प्रवास नाही, प्रवेश नाही, असे सुरू झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात तर पेट्रोल आणि रेशनलाही लशीची अट घातली गेली. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही असे स्पष्ट केले, पण तोवर 'लस म्हणजे सरकारने घ्यायला लावलेली गोष्ट' हे मनात पक्के झाले होते. अंबाझरीकर ताईंच्या भावाच्या बोलण्यात मला तोच काळ ऐकू येतो.

कामठीकर
शून्यमैल, आपल्या वडिलांच्या बाबतीत जे झाले ते चुकीचेच होते. परंतु सक्तीविषयी माझे मत वेगळे आहे आणि ते मी पुस्तकातून बनवलेले नाही. एप्रिल २०२१ मध्ये मी माझ्या मामांना घेऊन रात्री अकरा ते पहाटे चारपर्यंत या शहरात खाटेसाठी फिरलो. पाचव्या ठिकाणी खाट मिळाली तेव्हा रिक्षातला ऑक्सिजनचा लहान सिलिंडर संपत आला होता. मामा गेले. घाटावर आमचा क्रमांक सायंकाळी लागला. त्यांच्या वयोगटाला लस १ मार्चपासून खुली होती आणि ते "पाहू पुढे" म्हणत थांबले होते.

त्यानंतर लशीसाठी थोडा दबाव आला तर त्यात अन्याय झाला, असे मला वाटत नाही. जो दबाव मी त्यांच्यावर टाकायला हवा होता आणि टाकला नाही, त्याचा सल मात्र अजून आहे.

वैनगंगा
कामठीकर दादा, आपले वाचून काही वेळ काहीच लिहिता आले नाही.

सीताबर्डी
मूळ प्रश्नातला 'कोरोनामुळेच' हा शब्द तपासून पाहावा असे वाटते. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या सर्व मुलांना शाळाशाळांतून लस द्यायची होती. मी तेव्हा एका शाळेच्या पालक समितीवर होतो. मोहिमेच्या आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर नपुंसकत्वापासून बेशुद्धीपर्यंत सगळे संदेश फिरले आणि आमच्या एका वर्गात निम्म्या मुलांना त्या दिवशी घरीच ठेवले गेले. तेव्हा कोरोनाचे नावही कोणाला माहीत नव्हते.

त्याहून मागे जायचे तर प्लेगचे उदाहरण आहे. शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका दूषित बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दोष हाफकिन यांच्यावर टाकला गेला आणि त्यांचे नाव निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. साथ, घाईने उभी केलेली मोहीम, एक दुर्घटना आणि त्यानंतर वर्षानुवर्षे टिकणारा संशय, हा क्रम आपल्या देशाला नवा नाही. कोरोनाने भीतीला नवे शब्द दिले. 'साइड इफेक्ट', 'ट्रायल', 'बूस्टर' हे शब्द आता भाजी घेतानाही ऐकू येतात.

वैनगंगा
दुर्घटनेवरून आठवले. ३१ जानेवारी २०२१ रोजी, म्हणजे कोरोनाची लस सुरू होऊन पंधरवडा झाला असताना, आपल्या विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या थेंबांऐवजी १२ लहान मुलांना सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने सर्व मुले बरी झाली. वर्षभर ज्या हातांनी एका टेबलावर सॅनिटायझर आणि औषधे शेजारी ठेवून काम केले होते, त्यांच्याकडून ती चूक झाली. तिचे समर्थन करता येत नाही. परंतु आमच्या गावाकडे त्यानंतरच्या पोलिओ रविवारी माझ्या चुलत वहिनीने सेविकेच्या हातातली कुपी मागून घेतली, तिच्यावरचे नाव वाचले आणि मगच बाळाचे तोंड उघडले. सेविका रागावली नाही, उलट कुपीवरचा, उष्णतेने रंग बदलणारा चौकोन दाखवून "आतला भाग बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका आहे, म्हणजे लस चांगली आहे" असे तिने समजावले. त्या दिवसापासून वहिनी गावातल्या इतर बायकांना तो चौकोन पाहायला शिकवते. हाही महामारीचाच परिणाम म्हणावा लागेल.

तेलंगखेडी
पोलिओ रविवारचा विषय निघाला म्हणून थोडे अवांतर. आमच्या लहानपणी डाव्या करंगळीवरची ती काळी शाई शाळेत सोमवारी एकमेकांना दाखवण्यात केवढा अभिमान होता! आजीच्या दंडावर देवीच्या लशीचे दोन मोठे वण होते आणि आमच्या दंडावर बीसीजीचा एक लहानसा. माझ्या मुलीने परवा विचारले, "आजीला दोन आणि मला एकच का?" तिला सांगितले, की देवीचा रोग १९८० मध्ये जगातून गेल्याचे जाहीर झाले, म्हणून तुला तो वण लागला नाही. तिला ते फारच आवडले.

बालरोग_धंतोली
मी बालरोगतज्ज्ञ आहे. अंबाझरीकर ताईंच्या भावाच्या मनातली गाठ कोठे आहे याविषयी माझा अंदाज सांगतो.

२०२४ मध्ये ब्रिटनमधल्या खटल्याच्या बातम्या आल्या आणि अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लशीमुळे, म्हणजे आपल्याकडच्या कोविशिल्डच्या सूत्रामुळे, अत्यंत विरळा प्रसंगी रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होतात, हे घराघरांत पोहोचले. हा दुष्परिणाम खरा आहे आणि वैद्यकाला तो २०२१ पासून माहीत होता. त्याच्या जोडीला तरुणांच्या अचानक मृत्यूंची चर्चा होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९ राज्यांतील ४७ रुग्णालयांत अभ्यास केला आणि लशीमुळे अशा मृत्यूंचा धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. पण पहिली बातमी सर्वांनी वाचली आणि दुसरी फारच थोड्यांनी.

गोवराची लस जगात १९६३ पासून वापरात आहे आणि आपल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ती १९८५ पासून आहे. ज्या दुष्परिणामाची बातमी आपण वाचली तो अ‍ॅडेनोव्हायरस नावाच्या विषाणूवर आधारलेल्या लशींशी निगडित आहे. गोवराची लस त्या पद्धतीची नाही. माझ्यासमोर बसलेल्या बापाला मी एवढे सांगतो आणि थांबतो, कारण त्याला पुढे काही विचारायचे असते.

गोवर हा मात्र थांबणारा आजार नाही. प्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात एक रुग्ण बारा ते अठरा जणांना लागण देऊ शकतो, म्हणून सुमारे ९५ टक्के मुले संरक्षित असावी लागतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात आणि त्याशिवाय भिवंडी, मालेगावात गोवर उसळला आणि लहान मुले दगावली, ते महामारीतल्या चुकलेल्या डोसांचेच व्याज होते. गोवर होऊन गेलेल्या मुलाची इतर आजारांविरुद्ध कमावलेली प्रतिकारशक्तीही काही काळ पुसली जाते. म्हणून तो 'अंगावर येऊन जाणारा' आजार आहे, असे म्हणणाऱ्या आजीआजोबांशी मी सौम्यपणे पण ठामपणे असहमत होतो.

दवाखान्यात दिसलेला दुसरा बदलही नोंदवतो. पूर्वी मोठ्या माणसांसाठी लस असते हेच कोणाला ठाऊक नव्हते. आता मधुमेही आजोबा नातवाच्या डोसाला येतात आणि "फ्लूची लस मला घेता येईल का?" असे विचारून जातात.

निवृत्त_परिचारिका
डॉक्टरसाहेबांच्या म्हणण्याला जोड देते. नऊ महिन्यांना गोवर-रुबेलाबरोबरच न्यूमोनियापासून वाचवणाऱ्या न्यूमोकोकल लशीचा बूस्टर आणि इंजेक्शनच्या पोलिओ लशीचा तिसरा डोसही असतो. ताई, भाच्याच्या कार्डावर तेही राहिलेले असतील, तेवढे पाहून घ्या.

आकडेमोड
भावनांच्या जोडीला थोडे आकडे. युनिसेफच्या २०२३ च्या अहवालात ५५ देशांचा अभ्यास होता. मुलांच्या लशी महत्त्वाच्या आहेत असे मानणाऱ्यांचे प्रमाण महामारीच्या काळात त्यांपैकी ५२ देशांत घटले. ज्या तीन देशांत ते टिकून राहिले किंवा वाढले ते म्हणजे चीन, मेक्सिको आणि भारत. त्याच काळात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या अंदाजानुसार भारतात एकही डोस न मिळालेली बालके २०२१ मध्ये सुमारे २७ लाख होती, ती २०२२ मध्ये सुमारे ११ लाखांवर आली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुमारे १६ लाख झाली.

दोन्ही एकत्र ठेवून वाचले तर परिचारिका बाईंचे म्हणणे मला अधिक पटते. देशात विश्वास टिकला आणि तरीही लाखो बाळे राहिली, याचा अर्थ अडचण बरीचशी पोहोचण्यात आहे.

शून्यमैल
आकडे मान्य. परंतु देशाच्या सरासरीत मनीषनगरचा एक बाप दिसत नाही. शिकलेल्या, खासगी दवाखान्यात जाणाऱ्या घरांत शंका वाढली आणि वस्तीत टिकून राहिलेल्या विश्वासाने सरासरी सावरली, असेही असू शकते. त्या एका बापाशी कोणी बोलायचे?

निवृत्त_परिचारिका
शून्यमैल भाऊ, त्याच्याशी आत्याने बोलायचे. वाद न घालता एकच विचारायचे, की "तुला नेमकी कशाची भीती वाटते?" बहुतेकांना हा प्रश्न आजवर कोणी विचारलेलाच नसतो. आणि आपल्या वडिलांच्या पायाविषयी त्या दिवशी कोणीतरी हेच विचारायला हवे होते. मी त्या केंद्रावर नव्हते, पण माझ्याच पेशाकडून ते घडले, त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

शून्यमैल
बाई, पाच वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकले. वडिलांना वाचून दाखवीन.

अंबाझरीकर
दहा दिवसांनी परत लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व. सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले.

बाईंनी सांगितले तसे भावाला विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, की साडेतीन महिन्यांच्या डोसानंतर बाळ रात्रभर तापले होते, मांडीला गाठ आली होती आणि त्या रात्री पहाटेपर्यंत तो एकटाच जागा होता. डोस देताना ताप येऊ शकतो हे त्याला कोणी सांगितले नव्हते. कोरोनाच्या बातम्या त्यानंतर त्या रात्रीला येऊन चिकटल्या. एवढे महिने आम्ही त्याच्याशी कोविशिल्डवर वाद घालत होतो आणि तो बोलत होता मांडीवरच्या गाठीविषयी.

गुरुवारी आम्ही तिघे बाळाला घेऊन केंद्रावर गेलो. खोलीत एक टेबल, निळी लस पेटी आणि भिंतीवर वेळापत्रक एवढेच होते. तेथल्या सिस्टरने कार्ड पाहिले, राहिलेल्या डोसांवर बोट ठेवले आणि आधीचे डोस पुन्हा द्यावे लागत नाहीत, जेथे थांबलो तेथून पुढे जायचे, असे सांगितले. भावाने कुपी मागितली. (वैनगंगा, हे आपल्यामुळे!) सिस्टरने ती त्याच्या हातात दिली, चौकोन दाखवला, मग द्रावण मिसळून कुपीवर पेनाने '११.२०' लिहिले. उजव्या दंडात गोवर-रुबेला दिली. बाळ रडले, वहिनीही रडली. मग सिस्टर भावाकडे वळून सावकाश बोलली: आज कोणकोणत्या लशी दिल्या, या लशीचा ताप आला तर आजच येईल असे नाही, पाच ते बारा दिवसांतही येऊ शकतो आणि अंगावर बारीक पुरळ दिसू शकते, तसे झाले तर काय करायचे, पुढच्या डोसाला कोणत्या तारखेला यायचे आणि कार्ड जपून ठेवायचे. अर्धा तास आम्हाला तेथेच बसवून ठेवले. तेवढ्या वेळात भावाने तिला आणखी सहा प्रश्न विचारले आणि एकाही प्रश्नाला ती घाईने बोलली नाही.

आज सहावा दिवस आहे. काल रात्री थोडा ताप होता. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, सिस्टरने सांगितले होते तोच आहे." आणि झोपायला गेला.

रानमेवा
ताई, वाचून फार बरे वाटले. आमच्याकडे मुलगी सोळा महिन्यांची आहे आणि घर बदलताना कार्डच हरवले आहे. अशा वेळी केंद्रावर गेलो तर परत पाठवतील का?

निवृत्त_परिचारिका
परत पाठवू नये, असाच नियम आहे. आधी जेथे डोस घेतले तेथल्या नोंदवहीत तारखा मिळतील. त्या केंद्राचे नाव आणि मुलीची जन्मतारीख घेऊन जा, नवे कार्ड करून देतील. डाव्या दंडावर बीसीजीचा वण आहे का तेवढे आज घरी पाहून ठेवा. आणि सत्राचा वार आधी विचारून सकाळी लवकर जा, दुपारी ऊन फार असते.

रानमेवा
वण आहे. उद्याच विचारून घेते.